वेताळाचा एकच श्रोता

१

कथेचा विचार करताना आमची समीक्षा कथानक, पात्रे, वातावरण, निवेदन यांची चर्चा करते. ऐकणारे किती आहेत, हा प्रश्न ती सहसा विचारीत नाही. छापील पुस्तकाने तो निकालात काढला असे आपण धरून चालतो. पुस्तकाचा वाचक एकटाच असतो, आणि त्याच्यासारखे एकटे वाचक हजारोही असू शकतात. परंतु जी कथा तोंडाने सांगितली जाते, आणि जिच्यात ऐकणाराही भाग घेतो, तिच्या बाबतीत श्रोत्यांची संख्या ही बाहेरची गोष्ट राहत नाही. ती कथेच्या रचनेतच शिरते.

ह्याचे सर्वांत जुने आणि सर्वांच्या परिचयाचे उदाहरण वेताळपंचविशीचे आहे. तेथे सांगणारा एक आणि ऐकणारा एक. राजा विक्रम प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालला आहे. प्रेतातला वेताळ कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार. ह्या कथाचक्रात शेजारी दहा सरदार बसलेले असते तर काय झाले असते, ह्याची कल्पना करून पाहावी. कोणीतरी उत्तर दिलेच असते, राजाचे मस्तक वाचले असते, आणि कथा मात्र मेली असती. वेताळाच्या प्रश्नाची धार तो एकाच माणसाला विचारला जातो, ह्यात आहे.

कलकत्त्यात राहणाऱ्या मराठी माणसाला ह्या ग्रंथाची आठवण होण्यास आणखीही एक कारण आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८४७ साली ह्याच नगरीत ‘बेताल पंचविंशति’ बंगाली गद्यात आणली. त्याच्याही तीन तपे आधी, येथून काही मैलांवर हुगळीच्या पलीकडच्या काठी श्रीरामपूर येथे, विल्यम केरी यांच्या छापखान्यातून मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये, कोश १८१० मध्ये आणि ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये बाहेर पडली. सिंहासनावर चढू पाहणाऱ्या एका राजाला अडवून एकेक पुतळी त्याला एकेक कथा सांगते, अशी तिची रचना. म्हणजे मराठी छापील गद्याची पहिली पावले ज्या थोड्या ग्रंथांनी टाकली, त्यांतील एक ग्रंथ एकाच श्रोत्यासाठी सांगितलेल्या कथांचा होता आणि तो बंगालच्या भूमीवर छापला गेला. परप्रांती राहणाऱ्यांनी हे विसरू नये.

हा सारा प्रपंच करण्याचे निमित्त एक खेळ आहे.

२

ज्याला इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याला आम्ही ह्या लेखात ‘भूमिकाखेळ’ म्हणू. मेजाभोवती काही माणसे बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. तो एक काल्पनिक जग उभे करतो, त्यातील पर्वत, नगरे, राक्षस आणि पांथस्थ ह्यांच्या वतीने बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार उघडतो’, ‘मी त्या म्हातारीला खोटे सांगते’ अशा प्रकारे आपल्या पात्राची कृती बोलून दाखवितात. कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकावयाचे. जिंकणे-हरणे असे काही नसते. उरते ती घडलेली कथा. ह्या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे मूळ युद्धखेळात आहे. प्रशियात १८२४ च्या सुमारास रायस्वित्स ह्या अधिकाऱ्याने सैनिकी शिक्षणासाठी नकाशावरच्या लढायांचा जो खेळ सिद्ध केला, त्यात निवाडा करणारा पंच होता. तोच पंच पुढे कथेचा सूत्रधार झाला.

आपल्याकडे ह्या दोन्ही अंगांची बीजे वेगवेगळी रुजलेली होती. परंपरा ज्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते त्या मोक्षपटात कवड्या आहेत, घरोघर पुण्य-पाप आहे, चढणाऱ्या शिड्या आणि गिळणारे साप आहेत. बंगालातील ‘गोलकधाम’ हा त्याचा सख्खा भाऊ. पण मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड नाही. कवड्या सांगतील तेथे त्याने जावयाचे. उलट आमच्या मुलींच्या भातुकलीत निवडच निवड आहे. कोणी आई होते, कोणी व्याही होतो, रुसवेफुगवे होतात. पण तेथे कवडी नाही, म्हणून जे मनात येईल ते घडते आणि कशाचीच किंमत द्यावी लागत नाही. भूमिकाखेळाने मोक्षपटाचे दैव आणि भातुकलीची इच्छा एकत्र आणली. आमच्या मते त्याचे कलात्मक बळ ह्या संयोगात आहे.

आता संख्येकडे वळू. १९७४ च्या त्या पहिल्या पुस्तिकांत खेळाडूंची संख्या चारापासून पन्नासापर्यंत गृहीत धरली होती आणि सुमारे वीस खेळाडूंमागे एक सूत्रधार असावा असे सुचविले होते. म्हणजे मुळात हा दरबारी खेळ. पुढे ही संख्या उतरत उतरत चार-पाचांवर स्थिरावली, आणि त्यानुसार कामाची वाटणीही ठरून गेली : एक योद्धा, एक मांत्रिक, एक पुरोहित, एक चोर. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत त्यांनी हे शब्द ऐकलेच असतील. प्रश्न असा की ज्यांच्याजवळ पाच माणसे नाहीत त्यांनी काय करावे? सूत्रधार एक आणि खेळाडू एक किंवा दोन, एवढ्यांवर हा खेळ उभा राहतो काय? आणि राहिला, तर तो मोठ्या खेळाची केवळ लहान आवृत्ती असतो, की त्याचे काही स्वतंत्र रूप असते?

३

प्रथम अडचणी मोजू, कारण त्या खऱ्या आहेत आणि गणिताने सिद्ध होणाऱ्या आहेत.

एखाद्या पात्राला भिंतीवरील गुप्त कळ सापडण्याची संधी शेकडा ६० आहे असे समजा. चौघांनी शोधले तर निदान एकाला ती सापडण्याची संधी शेकडा ९७ होते. दोघांनी शोधले तर ८४. एकट्याने शोधले तर ६० ती ६०. म्हणजे मोठ्या गटासाठी रचलेल्या कथेत जी गोष्ट जवळजवळ निश्चित असते, तीच एकट्या खेळाडूपुढे पाचांतून दोनदा अडते. ज्या सूत्रधाराने आपल्या कथेचा पुढचा भाग त्या एका कळीमागे ठेवला असेल, त्याची कथा तेथेच संपली. झुंजीचेही तसेच. चार वीर आणि चार पिशाच्चे समोरासमोर आली तर प्रत्येक फेरीत चार वार इकडून, चार तिकडून. वीर एकच असेल तर त्याच्या एका वारामागे त्याच्यावर चार वार होतात. आणि चौघांतला एक पडला तर बाकीचे त्याला खांद्यावर घेतात. एकटा पडला की पडदाच पडतो.

ह्या अडचणी ओळखून गेल्या काही दशकांत निरनिराळे उपाय योजण्यात आले. १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी संपादिलेल्या आरंभिक संचात नवख्याला एकट्याने वाचीत खेळता येईल अशी कथा घातलेली होती. तीत अलीना नावाची पुरोहिता नवख्या वीराला भेटते, त्याला शिकविते, आणि बार्गल नावाच्या दुष्ट मांत्रिकाच्या हातून मरते. नियम शिकविण्यासाठी लिहिलेली ही काही पाने. पण अलीनेचा मृत्यू कित्येक खेळाडूंच्या मनात चाळीस वर्षांनंतरही ताजा आहे. ह्याचे कारण आमच्या मते साधे आहे : तेथे दुसरे कोणी नव्हते. ती वीराची एकुलती सोबतीण होती आणि वाचणारा एकटाच तिचा साक्षी होता. २०१४ मध्ये केव्हिन क्रॉफर्ड यांच्या ‘स्कार्लेट हीरोज’ ह्या खेळाने वारांची मोजणीच अशी बदलली की एकटा वीर साऱ्या टोळीचे काम करू शकेल. २०१८ च्या शॉन टॉमकिन यांच्या ‘आयर्नस्वोर्न’ने तर सूत्रधारही ऐच्छिक केला, एकट्या-दुकट्याने कोष्टकांना प्रश्न विचारीत कथा पुढे न्यावयाची. २०१९ मध्ये मूळ खेळाच्या प्रकाशकांनीच एका सूत्रधाराने एका खेळाडूसाठी खेळ चालवावा म्हणून सोप्या नियमांचा ‘सोबती’ देऊ केला.

हे उपाय निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण त्यांपैकी बहुतेकांचा रोख उणीव भरून काढण्याकडे आहे. चार नाहीत, तेव्हा एकालाच चौघांचे बळ द्या. किंवा सोबती देऊन दोघांचे तिघे करा. उणिवेलाच गुण मानून कथा रचणारा सूत्रधार क्वचित भेटतो. तसा एक आम्हांस भेटला, म्हणून त्याच्या खेळाचे परीक्षण येथे करीत आहोत.

४

गेल्या पावसाळ्यात सॉल्ट लेकमधील एका सरकारी निवासस्थानी आम्ही ह्या खेळाच्या सहा बैठका पाहिल्या. सूत्रधार केंद्र सरकारच्या सेवेतील एक अधिकारी. खेळाडू दोन : त्यांची तेरा वर्षांची मुलगी, आणि साताऱ्याहून चार महिन्यांसाठी आलेली त्यांची आई. नियम अगदी थोडे, वहीच्या एका पानावर मावणारे. फासा वीस पैलूंचा.

कथेचा काळ १७४२. रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरले आहे आणि घाबरलेले कलकत्तेकर शहराभोवती खंदक खणू लागले आहेत. इतिहासात हा खंदक सुमारे ३ मैल खणला गेला. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत आणि काम अर्धवट राहिले. पुढे १७९९ मध्ये तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ह्या नावाने त्याची खूण अजून आहे. मराठी मुलांना शाळेच्या इतिहासात अटक ठाऊक असते, पानिपत ठाऊक असते. हा खंदक ठाऊक नसतो. पण कलकत्त्याच्या शाळेत जाणाऱ्या मराठी मुलीला तो दुसऱ्या वाटेने भेटतो. बंगाली आया बाळाला निजविताना जे गाणे म्हणतात त्यात ‘बर्गी’ येतात, आणि हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. गंगाराम नावाच्या कवीने त्यांच्या अत्याचारांवर जे काव्य रचले, त्याचे नावच ‘महाराष्ट्र पुराण’ आहे.

सूत्रधाराने मुलीला बंगाली विणकराची मुलगी केले आणि आजीला तुकडीपासून चुकलेला, मांडीत भाला लागलेला एक बारगीर केले. खंदक खणताना मजुरांची कुदळ एका पुरलेल्या द्रव्यावर पडली आहे आणि त्या द्रव्याचा राखणदार जागा झाला आहे. बंगाली लोकसमजुतीप्रमाणे हा राखणदार ‘यख’ होय. लोभी धनिक द्रव्याबरोबर एका बालकाला तळघरात बंद करीत आणि ते मेल्यावर द्रव्य राखीत राही, अशी ही भीषण कल्पना. रवींद्रनाथांच्या ‘संपत्ति-समर्पण’ कथेच्या मुळाशी तीच आहे. तेव्हा ह्या कथेतील पिशाच्च म्हणजे एक लहान मूल आहे. परदेशी पुस्तकातून राक्षस उसना घ्यावा लागला नाही, ह्याचे आम्हांस विशेष कौतुक वाटले. कारण १९७७ च्या इंग्रजी ‘राक्षस-कोशा’त आमचा राक्षस वाघाचे मुंडके लावून आणि तोंडात पाइप धरून बसलेला आहे, आणि आमची मुले त्यालाच अस्सल समजू लागली आहेत.

तिसऱ्या बैठकीतील एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. विणकराची मुलगी जखमी बारगिराला लपवून ठेवते, त्याची जखम बांधते, आणि मग विचारते, ‘‘आमच्या गावची कोठी जळाली, तेव्हा तुम्ही तिथे होता का?’’ प्रश्न नातीने आजीला विचारला होता. पण विचारताना ती उठून समोर येऊन बसली होती आणि नेहमीचे ‘तू’ सोडून ‘तुम्ही’ म्हणाली होती. आजींच्या हाताशी फासा होता. खोटे पचते की नाही ह्यासाठी तो टाकता आला असता. सूत्रधार काहीच बोलला नाही. पंख्याचा आवाज ऐकू यावा इतका वेळ गेला. मग आजी म्हणाल्या, ‘‘होतो, पोरी. पेटता पलिता माझ्याच हातात होता.’’ मुलीने जखमेची पट्टी बांधून पूर्ण केली आणि त्या दिवशी ती आणखी काही बोलली नाही.

मेजाभोवती पाच माणसे असती तर हा क्षण घडला नसता, असे आम्ही निश्चयाने म्हणतो. कोणीतरी विनोद केला असता. कोणीतरी बारगिराची बाजू घेतली असती. चोराची भूमिका घेतलेल्या मुलाने तेवढ्यात त्याची तलवार पळविली असती. ते सारे रंजक झाले असते. पण अवघड मौनाची जबाबदारी पाचांत वाटली की कोणावरच राहत नाही. दोघांत ती वाटता येत नाही. वेताळ आणि विक्रम ह्यांच्या रचनेचे मर्म आम्ही वर सांगितले, ते येथे प्रत्यक्ष दिसले.

कथेचा शेवटही ह्याच मर्मातून निघाला. खंदकातील मूल म्हणते, माझ्या जागी कोणी बसेल तरच मी सुटेन. सूत्रधाराने झुंजीची तयारी ठेवली होती हे त्याच्या वहीवरून दिसत होते. पण झुंज झाली नाही. बारगीर तेथे बसला. मराठ्यांचे घोडे कलकत्त्यापर्यंत का आले नाहीत आणि खंदक अपुरा का राहिला, ह्याचे ह्या घरापुरते उत्तर असे मिळाले. इतिहासाच्या दृष्टीने ते खोटे आहे. बारगीर बंगालात दहा वर्षे येत राहिले. स्वतः भास्करराम १७४४ मध्ये अलीवर्दीखानाच्या तंबूत मारले गेले. तंटा मिटला तो १७५१ च्या तहाने, वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरवून. सूत्रधाराने शेवटच्या बैठकीनंतर मुलीला हे सारे सांगितले. अद्भुताने इतिहासाची जागा घेऊ नये म्हणून तसे करणे आवश्यकच होते.

ह्या खेळात दोष नव्हते असे नाही. चौथ्या बैठकीत सूत्रधाराने एक बोलका संन्यासी आणि एक कंपनीचा मुनीम आणला आणि दोघांचा वाद स्वतःच दोन आवाजांत दहा मिनिटे चालविला. खेळाडू दोनच असताना हा दोष फार जाणवतो. कारण त्या दहा मिनिटांत सारी सभा प्रेक्षक होऊन बसते. लहान गटाच्या सूत्रधाराने आपल्या दोन पात्रांना आपापसात बोलू देऊ नये, हा नियमच करावा. दुसरे, दोन खेळाडू आपसांत खल करीत बसत नाहीत. त्यामुळे कथा दुप्पट वेगाने पुढे सरकते आणि सूत्रधाराला विचार करावयास उसंत मिळत नाही. पाचव्या बैठकीत तयारी तासाभरात संपली आणि उरलेली घटका भुताटकीच्या ठराविक युक्त्यांनी भरून काढावी लागली. दीड तासाची बैठक पुरेशी मानली असती तर हे टळले असते. मात्र कळीचे गणित सूत्रधाराने नीट सांभाळले होते. कोणतीही महत्त्वाची गोष्ट त्याने एकाच फाशावर टांगली नाही. फासा उलटा पडला की वाट बंद होत नसे, तिची किंमत वाढे. तळघर सापडे, पण तोवर पाणी भरू लागलेले असे. लहान गटाच्या कथेत अपयशाने कथा पुढे ढकलली पाहिजे. ती थांबता कामा नये.

५

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की हा पोरखेळ आहे आणि वाङ्मयीन मासिकात त्याची चर्चा कशाला. त्याला उत्तर असे की कीर्तन, तमाशा आणि जात्यावरील ओवी ह्यांनाही एके काळी हेच ऐकावे लागले. बैठकीबरोबर विरून जाणे हा कलेचा दोष मानला तर गाण्याची मैफलही बाद होईल. ह्याच शहरात बादल सरकारांनी १९७० नंतरच्या दशकात रंगमंचाची चौकट सोडून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ बसलेल्या थोड्या प्रेक्षकांसाठी नाटक केले. त्यांचा हेतू वेगळा होता आणि आवाका फार मोठा. पण अंतर कमी झाले की प्रेक्षकाला तटस्थ राहता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. प्रेमेंद्र मित्रांच्या घनादाला बनमाली नस्कर गल्लीतील मेसमध्ये तीन-चारच श्रोते असतात. आणि त्यांनी डिवचल्याखेरीज त्याची गप्प सुरू होत नाही. बंगाली अड्ड्याला लहान सभेचे हे मोल पूर्वीच कळलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोन माणसांवर एका सूत्रधाराची सत्ता फार चालते. त्यातून तो बाप असेल आणि खेळाडू मुलगी असेल तर कथेच्या आडून उपदेश सुरू होण्यास वेळ लागत नाही. हे आम्हांस मान्य आहे. भूमिकाखेळ हे हरदासाचे निरूपण झाले की संपला. ह्यावर उपाय एकच : सूत्रधाराने प्रश्न ठरवावा, उत्तर ठरवू नये. वेताळाला उत्तर ठाऊक असते की नाही हे ग्रंथ कोठेही सांगत नाही, आणि शेवटच्या कथेपाशी राजा निरुत्तर होतो तेव्हाच वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो. ज्या प्रश्नाचे उत्तर बापाला आधीच पाठ आहे तो प्रश्न मुलगी लगेच ओळखते.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, पण आमच्या वाचकांच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. फेअर्ली प्लेसला, ट्रेझरी बिल्डिंगमध्ये वा सॉल्ट लेकच्या कार्यालयांत बदलून आलेल्या मराठी कुटुंबाचा मुक्काम साधारण तीन-चार वर्षांचा. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात गणपतीला भेटी होतात, ओळखी वाढतात, आणि मैत्री मुरते न मुरते तोच कोणाची तरी ऑर्डर येते. पाच जणांचा गट जमवून खेळ मांडावा तर एकाची बदली, दुसऱ्याच्या मुलाची दहावी, तिसऱ्याचे ऑडिट. जो खेळ पाचांवाचून चालत नाही तो बदलीच्या नोकरीत फार दिवस चालत नाही. जो घरातल्या तिघांवर चालतो तो कुटुंबाबरोबर पुढच्या गावीही जातो.

आणि ह्या मुक्कामांत मुलांच्या मराठीचे काय होते, हे आपण सारे पाहतो. शाळा इंग्रजी, रस्ता बंगाली, मित्रांत हिंदी. घरात मराठी उरते. पण ती कोणती? जेव, आवर, अभ्यासाला बस, आजीला नमस्कार कर. घरची मराठी आज्ञार्थाची भाषा होऊन बसते, आणि मुले तिला होकार-नकारापुरतीच उत्तरे देतात. शब्द जातात ते पुढे. आधी क्रियापदांची रूपे जातात. ‘असते तर झाले असते’ असे म्हणण्याची वेळ ज्या मुलाच्या दिवसात येत नाही, त्याच्या तोंडी संकेतार्थ कोठून येणार? विनवणी, धमकी, थाप, कबुली, सौदा, शपथ ह्यांची मराठी जेवणाच्या टेबलावर शिकता येत नाही. भूमिकाखेळात तिच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

येथेही संख्येचे गणित आहे. दोन तासांच्या बैठकीत निम्मा वेळ सूत्रधाराचा धरला तर पाच खेळाडूंतील प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात; दोघांतील प्रत्येकाला अर्धा तास मिळतो. पाचांत लाजरे मूल गप्प बसून चालते, आणि सभेची भाषा इंग्रजीकडे घसरली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. दोघांत लपावयास जागा नाही. आम्ही पाहिलेल्या बैठकांत मुलगी पहिल्या दिवशी अडली की इंग्रजी शब्द टाकी. पण समोर साताऱ्याची आजी बारगीर होऊन बसली होती आणि बारगिराला इंग्रजी येणे शक्य नव्हते. त्याला ते समजत नसे, आणि कथा तेथेच खोळंबे. सूत्रधाराने एकदाही ‘मराठीत बोल’ म्हटले नाही. सहाव्या बैठकीत ती मुलगी खंदकाच्या काठावरून बारगिराला सांगत होती, ‘‘तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं, पण आलात, तर आता जाऊ नका.’’ एवढे एक वाक्य बनविण्यासाठी जी मराठी लागते ती तिला कोणी पाठ करविलेली नव्हती.

ह्यावरून हा खेळ म्हणजे भाषाशिक्षणाचे साधन असा अर्थ कोणी काढू नये. तसे साधन म्हणून तो मांडला की मुले उठून जातील, आणि ते योग्यच होईल. भाषा येथे आपोआप येते, कारण कथेला तिची गरज असते. कथा पातळ असेल तर गरजही उरत नाही. म्हणून आमचा आग्रह कथेविषयी आहे. परदेशी नियमांचे पुस्तक वापरण्यास हरकत नाही. फासा कोठलाही चालेल. पण ज्या भूमीवर आपण तीन वर्षे राहणार आहोत तिची भुते, तिचे खंदक, तिने आपल्याविषयी रचलेली गाणी कथेत घ्यावीत. दिल्लीला पानिपत दूर नाही, तंजावरात मराठी दरबाराचे हस्तलिखितांनी भरलेले ग्रंथालय आहे, बडोदे-इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यांत तळघरे आहेत. जेथे आपले लोक पाहुणे म्हणून गेले, तशीच जेथे ते पलिता घेऊन गेले, ती सारी ठिकाणे ह्या खेळाला उपयोगी आहेत. आणि दुसऱ्या प्रकारची अधिक.

लहान गटाचा भूमिकाखेळ हा मोठ्या खेळाचा गरीब नातेवाईक नव्हे, असा आमचा अभिप्राय आहे. मोठ्या गटात पराक्रम, गंमत आणि गोंधळ ह्यांना वाव असतो, आणि तो आनंद खोटा नाही. पण एका माणसाने दुसऱ्याला प्रश्न विचारावा आणि दुसऱ्याला त्यातून सुटका नसावी, ही कथेची जुनी शक्ती थोड्या माणसांतच टिकते. ती पेलण्यासाठी सूत्रधाराला बहुश्रुतपणा हवा, उत्तर न सांगण्याचा संयम हवा, आणि शांतता सहन करता आली पाहिजे. आमच्या वाचकांपैकी ज्यांना गट जमत नाही म्हणून वाईट वाटत असेल त्यांनी गटाची वाट पाहू नये. घरात एक ऐकणारा असला तरी खेळ मांडता येतो.